अंगठा दाबलाय, नजर कुठे आहे?

गाडीबाहेर उभं राहून मोबाइलवरून ती पार्क करता येते. बंपरमधले सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतात, प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतात. स्टिअरिंग आणि ब्रेक संगणक सांभाळतो. मग माणसाचं काम काय? संयुक्त राष्ट्रांचा आर-७९ नियम सांगतो: गाडीपासून ६ मीटरच्या आत राहा, बटण सतत दाबून ठेवा. अंगठा उचलला की गाडी लगेच थांबलीच पाहिजे.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना प्रश्न पडतो, गाडी स्वतःच वळतेय तर अंगठा कशाला?

ऊसतोडीच्या हंगामात शिरूर-दौंड भागात या. ट्रॉलीबाहेर लोंबणारी उसाची टोकं बंपरच्या उंचीवरच्या सेन्सरला चकवू शकतात. इथे ट्रक मागे घेताना क्लीनर खाली उतरून ‘येऊ द्या, येऊ द्या’ ओरडतो. स्टिअरिंग त्याच्या हातात नसतं, पण वेळेवर ‘थांबा’ म्हणणं त्याचंच काम.

आता तो क्लीनर आपण आहोत. नियम अंगठा दाबून ठेवायला लावू शकतो, बघायला लावू शकत नाही. बटण दाबून दुसरीकडे बघणाऱ्याने नियम पाळलेला असतो. मागे खेळणाऱ्या पोराला त्याचा काय उपयोग?