हतनूरचे दरवाजे आणि माशाचं यकृत

पावसाळा लागला की जळगावच्या वर्तमानपत्रात एक बातमी ठरलेली: हतनूर धरणाचे इतके दरवाजे उघडले. दरवाजे एकूण 41. तापीवरच्या या धरणाच्या वर, चांगदेवला, पूर्णा तापीला मिळते. वरून येणारा लोंढा पाहून कुठले उघडायचे, किती उचलायचे, हे ठरतं. दरवाजे तेच राहतात, बदलते ती त्यांची उघडझाप.

जनुकांचंही असंच. माशाच्या यकृतात आणि कल्ल्यात जनुकं तीच, पण इथे एक संच उघडा, तिथे दुसरा. उघड्या जनुकाची नक्कल निघते, नकलेवरून प्रथिन घडतं. पाण्यात तेल मिसळलं की ही उघडझाप बदलते. मेलेला मासा हा प्रदूषणाचा फार उशिराचा पुरावा आहे. वरून धडधाकट दिसणाऱ्या माशाच्या यकृतात तो आधीच लिहिलेला असतो.

खनिज तेलातली बहुवलयी हायड्रोकार्बनं कल्ल्यांतून आत शिरतात, चरबीत मुरतात. पेशीतलं एक प्रथिन त्यांना धरतं, केंद्रकात जातं आणि डीएनएवर ठरलेल्या जागी बसतं. त्यासरशी सीवायपी1ए नावाचं जनुक, जे एरवी जेमतेम किलकिलं असतं, सताड उघडतं. त्यातून घडणारं विकर तेलाच्या रेणूंना पाण्यात विरघळण्याजोगं करतं, म्हणजे ते पित्तावाटे बाहेर पडावेत. शरीराची ही साफसफाईच. पण बेंझोपायरीनसारखे काही रेणू या साफसफाईतच अधिक विखारी होतात आणि थेट डीएनएला चिकटतात. बचावासाठी उघडलेल्या दारातूनच घात आत येतो. हे मला सगळ्यात अस्वस्थ करतं. अंड्यातल्या पिल्लाचं तर हृदय घडतानाच बिघडतं. झेब्राफिशवरच्या प्रयोगांत हे वारंवार दिसलं आहे, आणि हा चिमुकला मासा मूळचा आपल्याच देशातल्या गोड्या पाण्यातला.

आसाममधल्या बागजानची तेल-वायूची विहीर 27 मे 2020 रोजी फुटली, तेव्हा शेजारच्या मागुरी-मोटापुंग या पाणथळीच्या पाण्यावर तेलाचा तवंग आला, मासे मेले. खानदेशात तेलाच्या विहिरी नाहीत. पण धुळ्याची पांझरा आणि जळगावची गिरणा शहरांच्या अंगाखांद्यावरून वाहतात, आणि गॅरेजमधलं काळं तेल गटारात ओतलं तर ते नदीलाच मिळतं. इंजिनात जळून निघालेल्या तेलात हे बहुवलयी रेणू नव्या तेलापेक्षा कितीतरी जास्त असतात. माशाच्या यकृताला ते विहिरीतून आले की ट्रॅक्टरमधून, हे कळत नाही. दार तेच उघडतं.

केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमांनुसार वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. गाडीचं तेल बदलाल तेव्हा जुनं डब्यात भरून घ्या, ते कुठे जाणार हे गॅरेजवाल्याला विचारा, आणि गाडी नदीच्या पात्रात धुऊ नका.