खांबावर चढून पुढं काय?

दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच आमच्या आष्टी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर आवराआवर सुरू होते. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. भांडीकुंडी, पांघरुणे, पोरेबाळे गाडीत चढतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. म्हणून फराळाचे ताट पुढे आले की माझ्यासारख्या शिक्षकाला वर्गातली रिकामी बाकेही त्याच वेळी दिसू लागतात.

दहा-बारा वर्षांपूर्वी अशाच एका दिवाळीत एक माउली शाळेच्या पटांगणात माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिचा मुलगा आमच्या मल्लखांबावरचा सर्वांत चपळ गडी. एरंडेल चोळलेल्या सागवानी खांबावर तो असा चढे, की खांबानेच त्याला हात देऊन वर घेतले असे वाटावे. माउलीने पदर सावरला आणि विचारले, "गुरुजी, खांबावर चढून पुढं काय? याला हितं ठिवू का संगं न्हेऊ, तेवढं सांगा."

मी शिक्षक, त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. मला शब्दांचा तोटा नव्हता. शरीर कसते, मन खंबीर होते, बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' ग्रंथातसुद्धा या विद्येची नोंद केली आहे, असे पुष्कळ काही मी बोललो. तिने सारे ऐकून घेतले, "बरं" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा टोळीबरोबर निघून गेला.

ते 'बरं' माझ्या मनातून अद्याप गेलेले नाही.

खेळाला सरकारी मान्यता कशाला हवी, असे म्हणणारे सज्जन पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. १८१८ साली पेशवाई बुडाली, राजाश्रय गेला, तरी विद्या तालमी-आखाड्यांतून जगली. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी तिथे जाऊन भारतीय व्यायामप्रकार दाखवून आली. तेव्हा तर देशही आपला नव्हता! शिवाय मल्लखांबावर समोर कोणी प्रतिस्पर्धी नसतो. कुस्तीगीर दुसऱ्याला चीत करतो. मल्लखांबपटूला चीत करायची असते ती स्वतःची भीती. तिला गुण कोणी द्यावेत?

हे सारे मला पटत होते. पण त्या माउलीपुढे ते सांगता सांगता माझे मलाच जाणवले, की मी एक प्रश्न गाळतो आहे. विद्या आश्रयावाचून जगली खरी. पण कोणाच्या अंगणात? ज्याच्या संध्याकाळच्या भाकरीची चिंता दुसऱ्या कोणी वाहिली, त्याच्या. 'खेळ खेळासाठी' हे वचन सुंदर आहे, परंतु ते भरल्या पोटी सुचलेले आहे. ज्याच्या हाती उद्या कोयता येणार, त्याला ते ऐकवणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे पुण्य सांगणे होय.

पुढे मान्यता आली. २०१३ साली मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्यखेळ ठरवले. २०२० साली केंद्राच्या नोकरभरतीसाठी पात्र खेळांची यादी ४३ वरून ६३ वर गेली. तीत मल्लखांब आला. २०२२ साली तो 'खेलो इंडिया' युवा स्पर्धांत उतरला, त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार सागर ओव्हाळकर या मल्लखांबपटूला मिळाला, आणि २०२४ साली उदय देशपांडे यांना पद्मश्री. वर्तमानपत्रातली ती यादी वाचून मला आनंद झाला, आणि लगेच त्या मुलाचे वय मी बोटांवर मोजले. यादीला उशीर झाला होता.

मान्यतेबरोबर तिची कीडही येते, हे मी लपवणार नाही. खांबाला हात लावण्याआधी "प्रमाणपत्र मिळेल ना?" असे विचारणारी मुले आता येतात. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे आपल्याच महाराष्ट्रात उघडकीस आली. परंतु धान्याला कीड लागते म्हणून कोणी पेरणी थांबवीत नाही.

आमच्याच तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे पाहा. पाय त्याचे होते, दम त्याचा होता. सरकारने त्यातले काही निर्माण केले नाही. पण सैन्यात गेल्यावर त्याला खेळाचा मार्ग सापडला, आणि २८ अडथळे व ७ पाण्याच्या उड्या असलेल्या ३००० मीटरच्या शर्यतीत त्याने २०२२ साली बर्मिंगहॅमला रौप्यपदक, तर २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. या मातीत पायांची वाण कधीच नव्हती. वाण होती ती त्यांच्याकडे पाहणाऱ्या डोळ्यांची आणि पाठीशी राहणाऱ्या हातांची.

म्हणून मला वाटते, मान्यता म्हणजे खेळाचा सत्कार नव्हे. तिची गरज खेळाला नाहीच. ती खेळणाऱ्या पोराला आहे. त्याच्या आईच्या प्रश्नाला समाजाने द्यायचे ते उत्तर आहे. आणि ते उत्तर नुसत्या दिल्लीच्या यादीत पुरे होत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली, ती मला म्हणूनच पदकांइतकी मोलाची वाटतात. आईबाप दूरच्या फडात असताना पोराला इथे ऊन भाकरी मिळाली, तरच तो सकाळी खांबाशी येईल. पदक फार पुढचे.

या दिवाळीनंतरही टोळ्या निघतील. खांबाला तेल चोळून ठेवले आहे. कोणी माउली पुन्हा पदर सावरून तोच प्रश्न विचारील. या खेपेला मी 'मानसोल्लासा'चे नाव काढणार नाही. पोराला ठेवा म्हणेन. पण रात्री तो कुठे जेवेल, कुठे निजेल, ते आधी सांगेन.