आधी ती कुणाला सांगते?

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९९९ साली लैंगिक छळाविरुद्ध 'जीएसकॅश' ही समिती उभी राहिली. विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी तिच्यात बसत. तिचं खरं बळ तेच होतं. २०१७ मध्ये तिच्या जागी अंतर्गत तक्रार समिती आली.

समिती हवीच. पण मुलगी आधी सांगते ती वसतिगृहातल्या मैत्रिणीला. तिथेच 'तू त्याच्याबरोबर गेलीसच का?' असं कानावर पडलं, की ती पुन्हा तोंड उघडत नाही. 'माझा तुझ्यावर विश्वास आहे, तुला काय हवंय?' एवढंच विचारावं. दवाखान्यात जायचं म्हणाली, तर सोबत जावं. तिची गोष्ट मेसमध्ये नेऊ नये. समितीकडे तक्रार करायची की नाही, हे तिनंच ठरवावं. मात्र त्यासाठी तीन महिन्यांची मुदत असते, सबळ कारण असल्यास ती वाढवूनही मिळते, हे तिला जरूर सांगावं.