उसने नाव, उसने गाव

मालगुडीचा जन्म बेंगळुरात झाला, आणि तो एका रेल्वेस्थानकाच्या रूपाने झाला. आर. के. नारायण यांनी ही हकीगत सांगून ठेवली आहे. १९३० सालच्या विजयादशमीला, आजीने शुभ म्हणून निवडलेल्या मुहूर्तावर, त्यांनी कोरी वही उघडली, तेव्हा मनश्चक्षूंपुढे प्रथम उभे राहिले ते एक लहानसे स्थानक. स्वामी आणि त्याचे मित्र, शरयू नदी, मेंपीच्या टेकड्या हा सारा परिवार मागाहून आला. ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ १९३५ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ हे गाव वाढत राहिले. मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या बेंगळुरातल्या दोन जुन्या वस्त्यांच्या नावांचे तुकडे जोडून ‘मालगुडी’ झाले, अशी एक लोकप्रिय व्युत्पत्ती या शहरात ऐकू येते. तिच्यावर भाषाशास्त्रीय विश्वास ठेवण्याचे कारण नाही. पण ती रचावीशी वाटली, यात मात्र अर्थ आहे. कल्पनेतल्या गावालाही कुठेतरी दारावरची पाटी असावी, अशी माणसाची ओढ असते.

ही ओढ १९८६ साली दूरदर्शनने पुरी केली. शंकर नाग यांनी दिग्दर्शित केलेली ‘मालगुडी डेज’ ही मालिका देशभरातल्या घरांनी हिंदीतून पाहिली. त्यांत मराठी घरेही होती. मराठी वाचकाला शंकर नाग तसे परके नव्हेत. त्यांची घडण मुंबईतल्या मराठी रंगभूमीवर झाली होती आणि ‘२२ जून १८९७’ या १९७९ सालच्या मराठी चित्रपटाच्या पटकथेतही त्यांचा हात होता. मालिकेत स्वामीच्या वडिलांची भूमिका गिरीश कार्नाडांनी केली. शीर्षकाच्या वेळी दिसणारी रेखाटने आर. के. लक्ष्मण यांची. चित्रीकरण झाले ते मुख्यतः शिवमोग्गा जिल्ह्यातल्या आगुंबे या गावी, आणि मालगुडीचे स्थानक म्हणून दिसले ते शिवमोग्गा-तळगुप्प मार्गावरचे अरसाळू. नारायणांनी कागदावर वसवलेल्या गावाला असा पत्ता मिळाला. बेंगळुराहून सुट्टीत साडेतीनशे किलोमीटरांचा प्रवास करून हा पत्ता शोधायला माणसे जाऊ लागली, आणि आजही जातात.

अशा प्रवाशाची चेष्टा करणे सोपे आहे. जे गाव नाहीच, ते पाहायला हा निघाला आहे. आणि जे गाव आहे, ते पाहण्याची त्याला इच्छा नाही. पण चेष्टेने प्रश्न सुटत नाही. आवडत्या कलाकृतीने ज्या जागेचा वापर केला त्या जागी जाऊन रसिकाला नेमके काय मिळते? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो त्या जागेचे काय लागतो?

पहिल्या प्रश्नाला आपल्या काव्यशास्त्राने जवळजवळ नकारात्मक उत्तर देऊन ठेवले आहे. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी जी सात विघ्ने सांगितली, त्यांतले एक नेमके देशकालाविषयीचे आहे. प्रेक्षक समोरच्या भावाला ‘हा माझा’, ‘हा त्याचा’, ‘हा अमक्या ठिकाणचा’, ‘हा अमक्या वेळचा’ अशी खुंटी मारू लागला की साधारणीकरण थांबते. स्वामीचे परीक्षेचे भय आपल्याला भिडते, कारण ते म्हैसूर संस्थानातल्या एका मुलाचे राहिलेले नसते. मग रसास्वाद संपल्यावर, कधी कधी तीस वर्षांनी, हाच रसिक ते विघ्न आपण होऊन ओढवून घेतो, तिकीट काढून घेतो! रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त ज्याला अलौकिकतावाद म्हटले, त्या पक्षाच्या दृष्टीने हा प्रवास म्हणजे कलेतून बाहेर पडून पुन्हा लौकिकात येणे होय, त्याचा कलेशी संबंध उरत नाही.

शंकुकाचे चित्रतुरगाचे उदाहरण येथे अधिक उपयोगी पडते, असे मला वाटते. चित्रातला घोडा पाहताना आपल्याला होणारी प्रतीती खऱ्या घोड्याची नसते, खोट्याची नसते, संशयाची नसते आणि घोड्यासारख्या दुसऱ्या कशाची, अशीही नसते. आगुंब्याच्या रस्त्यावर उभ्या राहिलेल्या प्रवाशाची स्थिती अशीच काहीशी असते. ‘हे मालगुडी’ असे तो म्हणतो, पण फसलेला नसतो. ‘हे मालगुडी नव्हे’ हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि तरी तो निराश होत नाही. शंकुकाचा प्रेक्षक मात्र नटापुढे बसलेला होता. येथे नट निघून गेलेले आहेत. शंकर नाग ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेऱ्याजवळच्या अपघातात, अवघ्या पस्तिशीत गेले. कार्नाड २०१९ साली गेले. उरली आहे ती फक्त भिंत, ज्यावर घोडा रंगवला होता.

आपल्याकडे हे नवे नाही, असे कोणी म्हणेल. कथा भूमीवर उतरवण्याची आपली सवय जुनी आहे. नाशिकला पंचवटी आहे, सीतागुंफा आहे. ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे विदर्भातले रामटेकच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी साधार मांडले, आणि छत्तीसगढातल्या सरगुजाच्या रामगडाकडूनही तोच हक्क सांगितला जातो. रामानंद सागरांच्या ‘रामायण’ मालिकेचे चित्रीकरण १९८७-८८ च्या सुमारास उंबरगावी चालू असताना लोक त्या नटांच्या पाया पडत, तेही याच परंपरेचे एक टोक होते. परंतु स्थलमाहात्म्य आणि चित्रीकरणस्थळ यांत मला एक भेद दिसतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. स्थलमाहात्म्यात कथा गावाकडे येते. पंचवटी ही पंचवटीच राहते, उलट रामकथेने तिचे नाव गडद होते. तिथला पुजारी, नावाडी, फुलवाला ती कथा आपली म्हणून सांगतो. चित्रीकरणात गाव कथेकडे जाते, आणि जाताना आपले नाव घरी ठेवून जाते. रामटेकने ‘मी रामगिरी’ असा दावा केला. आगुंब्याने ‘मी मालगुडी’ असे कधी म्हटलेले नव्हते. ते त्याच्याकडून म्हणवून घेतले गेले.

आणि उसने घेणाराला गावाची पर्वा असतेच असे नाही. ‘द गाइड’ या कादंबरीवर (तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला होता) १९६५ साली चित्रपट निघाला. आधी निर्मात्यांना नारायणांनी म्हैसूरच्या परिसरात हौसेने हिंडवले. नदीकाठच्या पायऱ्या, देवळे, डोंगर दाखवले. चित्रपट प्रत्यक्षात राजस्थानात चित्रित झाला. या प्रकरणावर नारायणांनी लिहिलेला लेख विनोदी म्हणून वाचला जातो, पण त्यातली बोच खरी आहे. मालगुडी काल्पनिक असले तरी कुठेही नेऊन ठेवावे असे ते नव्हते. त्याला एक माती होती. आता न्यायाने पाहिले तर आगुंबे तरी त्या मातीचे कुठे आहे? नारायणांचे मालगुडी हे दक्षिणेतले मैदानी गाव, धुळीचे, उन्हाचे, नगरपालिका आणि बाजाररस्ता असलेले. आगुंबे हे सह्याद्रीच्या माथ्यावरचे, वर्षाला सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणारे, नागराजांच्या रानाने वेढलेले खेडे. मी तेथे गेलो तेव्हा पाऊस असा होता की समोरचे घर दिसेना. आणि मनात आले, की या पावसात स्वामी क्रिकेट कुठे खेळला असता? तरीही शंकर नागांच्या मालिकेत ते गाव खरे वाटले. याचे श्रेय दिग्दर्शकाला तर आहेच, पण आपल्या ओसऱ्या आणि रस्ते वापरू देऊन काही काळ आपल्यासारखे न राहण्याचे जे औदार्य त्या गावाने दाखवले, त्यालाही आहे.

येथे दुसरा प्रश्न उभा राहतो. रसास्वादात आपण देशकाल विसरलो, तो विसर आपल्याला कोणीतरी उपलब्ध करून दिला होता. मालिका पाहताना ‘हे आगुंबे’ असे आठवले असते तर मालगुडी उभेच राहिले नसते. म्हणजे आगुंब्याला विसरणे हा आपल्या आनंदाचा आधारच होता. पडदा विझल्यावर मात्र त्या विस्मरणाचे समर्थन उरत नाही. चित्रीकरणस्थळी जाण्याला नैतिक अर्थ असेल तर तो येथे आहे. प्रवासी रस वाढवायला गेला तर अभिनवगुप्ताचे म्हणणे त्याला लागू पडेल आणि हाती थोडी छायाचित्रे येतील. तो ऋण ओळखायला गेला तर ज्याला शास्त्राने विघ्न म्हटले, तेच त्याचे प्रयोजन ठरते. देशकालाची खुंटी त्याने आता मारलीच पाहिजे. हे मालगुडी नव्हते, हे आगुंबे होते, हे त्याला मोठ्याने म्हणता आले पाहिजे.

प्रत्यक्षात घडते ते उलट. मार्ग रुंद झाला, गाड्या बदलल्या आणि अरसाळूची जुनी इमारत वापराबाहेर पडली. २०२० साली रेल्वेने तिचे ‘मालगुडी संग्रहालय’ केले. जुनी इमारत वाचली, ही गोष्ट निश्चितच चांगली झाली. पण त्याच सुमारास स्थानकाचे नावही मालगुडी करावे, अशी भाषा झाली. मला त्या वेळी नारायणांची ‘लॉली रोड’ ही कथा आठवली. स्वातंत्र्याच्या उत्साहात मालगुडीची नगरपालिका सगळ्या रस्त्यांची आणि बागांची नावे बदलते. कोण कुठे राहतो हे कळेनासे होते, पत्रे भलतीकडे जातात. लॉलीसाहेबाचा पुतळा जुलमी म्हणून उखडला जातो, आणि मागाहून कळते की लॉली हा तर गावाचा उपकारकर्ता. अखेर पुतळा जिथे पडला होता त्या गल्लीलाच त्याचे नाव देऊन प्रकरण मिटते. नावे बदलण्याच्या हौसेची एवढी हसरी चिकित्सा ज्या गावाच्या नावावर लिहिली गेली, तेच नाव एका खऱ्या स्थानकावर चिकटवायचे! अरसाळूला स्वतःचे प्रवासी होते, स्वतःचे वेळापत्रक होते. मालगुडीचा जन्म व्हायच्या आधी आणि नंतरही तेथे कोणाची तरी लेक सासरी गेली असेल. बेंगळुराजवळच्या रामनगरला ‘शोले’मुळे लोक रामगड म्हणून पाहायला जातात, त्याच रामदेवर बेट्टावर २०१२ साली गिधाडांचे अभयारण्य जाहीर झाले. गिधाडांना रामगडशी कर्तव्य नाही. एखाद्या जागेचे स्वतःचे म्हणणे असते, याची आठवण द्यायला कधी कधी पक्षी लागतात.

साहित्याच्या अभ्यासकाला यात आणखी एक गोष्ट खुपावी. बेंगळुराहून आगुंब्याकडे जाणारा प्रवासी तीर्थहळ्ळी तालुक्यात शिरतो. हा कुवेंपूंचा तालुका आहे. कुप्पळ्ळीचे त्यांचे घर जतन केलेले आहे आणि ‘मलेगळल्लि मदुमगळु’ या महाकादंबरीतला पाऊस, जळवा, वाटा, कुळे आणि जमीनदार हे सारे या मलनाडातलेच. मेळिगे हे यू. आर. अनंतमूर्तींचे जन्मगाव याच तालुक्यात. ‘संस्कार’मधल्या दुर्वासपुराच्या अग्रहाराची माती हीच, आणि त्या कादंबरीवरच्या १९७० सालच्या चित्रपटात प्राणेशाचार्य झाले होते तेच कार्नाड, जे पुढे आगुंब्याच्या ओसरीवर स्वामीचे वडील होऊन बसले. म्हणजे या प्रदेशाला स्वतःचे साहित्य नव्हते म्हणून त्याने बाहेरचे गाव अंगावर घेतले, अशी स्थिती अजिबात नाही. देशातल्या श्रेष्ठ कादंबऱ्यांपैकी काही याच मातीविषयी लिहिल्या गेल्या. इंग्रजीत लिहिलेले, हिंदीत दाखवलेले एक गाव त्यांच्यावर पसरले आणि ते अधिक दूरवर दिसले, एवढेच. यात नारायणांचा दोष नाही, शंकर नागांचा तर नाहीच. नाग स्वतः उत्तर कन्नडचे, या प्रदेशाच्या शेजारचे. दोष असेल तर तो कुप्पळ्ळीच्या फाट्यावर न थांबता पुढे निघणाऱ्या आपल्या उतावळेपणाचा. मालिकेच्या दाराने आलेला वाचक ‘संस्कार’पर्यंत पोचला, निदान त्याचा मराठी अनुवाद त्याने ग्रंथालयात मागितला, तर मालगुडीने आगुंब्याचे थोडे फेडले असे म्हणता येईल.

आगुंब्यात स्वामीचे घर म्हणून जे दाखवले गेले ते ‘दोड्डमने’, म्हणजे मोठे घर. शंभर वर्षांहून जुने, मधोमध चौक आणि भोवती लाकडी खांब असलेले. मालिकेनंतर तेथे लोक येऊ लागले, तेव्हा त्या घराने आल्यागेल्याला जेवूखाऊ घालण्याची, राहू देण्याची रीत ठेवली, आणि वर्षानुवर्षे त्याचा ठरावीक दर कधी सांगितला नाही. निघताना पाहुण्याने आपल्या मनाला येईल ते द्यावे. त्या घरात उतरलेल्या माणसांना हिशेब मागून मिळत नसे; किती द्यायचे हे उंबऱ्यापाशी उभे राहून ज्याचे त्याने ठरवायचे.