आजीच्या हातचीं वरणफळें
(वाचा : २ तीमथ्य १:५)



नाशिक येथील इंदिरानगरांत एका घरीं वृद्ध आजीबाईंनीं अंथरूण धरलें. त्यांचीं वरणफळें साऱ्या कुटुंबास प्रिय. पण कृति कोठेंच लिहिलेली नव्हती. तेव्हां सून वही घेऊन उशाशीं बसली. "आई, पाणी किती घालूं?"

"वाटीभर तुरीची डाळ, वाटीभर कणीक. वरण नेहमींपेक्षां पातळ ठेव. फळें शिजतांना पाणी ओढून घेतात. आणि उकळी आल्यावर एकेक सोड ग. एकदम टाकलींस तर गोळा होईल."

आमसूल, गूळ, गोडा मसाला, सारें वहींत उतरलें. संध्याकाळीं आजीबाईंनीं दोन घांस चाखले व म्हणाल्या, "मीठ अंमळ कमी आहे. उद्यां पुन्हां कर."

लक्ष्मीबाई धुरंधर यांनीं सन १९१० मध्यें 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. असें पुस्तक मोठें उपकारक. तरी मीठ कमी पडलें हें सांगावयास जवळ माणूसच लागतें.

विश्वासाचेंही तसेंच आहे. तीमथ्याच्या विश्वासाविषयीं लिहितांना पौलानें त्याची आजी लोईस व आई युनीके यांचीं नांवें घेतलीं. आपल्या घरीं शास्त्र छापील आहे. परंतु लेंकराजवळ बसून तें शिकविणारें कोणी आहे काय?

तरुणांनो, वडील माणसें आहेत तोंच विचारून घ्या. वडिलांनो, कोणी विचारीत नसलें तरी सांगा. पण एकेक गोष्ट, सावकाश. चुकलें तर रागावूं नका. उद्यां पुन्हां शिकवा.