श्रमिकाच्या दारची वाट

आपल्या घरात येणारी वस्तू कोणाच्या श्रमाने निर्माण झाली हे ग्राहकाने जाणून घ्यावे, आणि त्यासाठी त्या श्रमिकाच्या दारी प्रत्यक्ष जाऊन यावे, हे मत अलीकडे पाश्चात्त्य देशांत बरेच प्रतिष्ठित झाले आहे. तेथील सुशिक्षित मंडळी मेक्सिकोतील लहान कॉफी-बागायतदारांच्या गावी जाऊन राहतात व रास्त व्यापाराचा आणि देशोदेशींच्या श्रमिकांच्या बंधुभावाचा पाठ घेऊन परततात. हेतू स्तुत्य आहे. परंतु अशा भेटीने नीतिदृष्ट्या नेमके काय साधते, ह्याचा विचार व्हावा तितका झाला आहे असे आम्हांस वाटत नाही.

ह्या बाबतीत १९३१ सालचे एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेलेले गांधीजी त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर लँकेशायरमधील डार्वेन येथे गेले. तेथील कापडधंदा बसण्यास जागतिक मंदी आणि जपानची चढाओढही कारण होती. तथापि हिंदुस्थानातील बहिष्काराचा घाव ज्यांच्या पोटावर बसला होता, त्याच मजुरांच्या भेटीस गांधीजी आले होते. तेथे त्यांचे जे स्वागत झाले ते ग्रीनफील्ड गिरणीपाशी काढलेल्या छायाचित्रात आजही दिसते: हर्षाने ओरडणाऱ्या मजूर स्त्रियांच्या घोळक्यात गांधीजी हसत उभे आहेत.

छायाचित्रात जे उतरत नाही ते आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. गांधीजींनी त्या लोकांची दुःखे ऐकून घेतली; पण खादीचे व्रत सोडण्याचा शब्द मात्र दिला नाही. तुमच्याकडे तीस लाख बेकार आहेत, आमच्याकडे सुमारे तीस कोटी माणसे वर्षाचे सहा महिने बेकार असतात, असा हिशेब त्यांनी सरळ पुढे मांडला. राजकीय तडजोड झालीच, तर जे परदेशी कापड घ्यावे लागेल त्यात लँकेशायरला अग्रमान मिळावा, ह्यापलीकडे ते गेले नाहीत. उभयतांच्या हितांतील विरोध भेटीनंतरही तसाच राहिला. फक्त तो विरोध कोणाशी आहे हे त्या मजुरांनी आता डोळ्यांनी पाहिले होते. (बहिष्काराचा लाभ मुंबई-अहमदाबादच्या गिरणीमालकांनाही झाला, हे येथे नमूद न करणे अप्रामाणिकपणाचे होईल.)

आता प्रवास कोणी केला हे पाहावे. ज्या देशाची तक्रार होती, त्या देशाचा माणूस आपला हिशेब घेऊन दुसऱ्याच्या दारी गेला. आजच्या सहलींत हे उलटे असते. ग्राहक जातो, काय पाहावे हे बहुधा तोच ठरवितो, आणि श्रमिकाच्या वाट्यास यजमानपण येते. ग्राहकाचे मन द्रवते हे खरे. पण द्रवलेले मन दानाकडे वळते, दामाकडे वळेलच असे नाही.

वस्तुतः रास्त व्यापाराच्या आधुनिक चळवळीचा उगम दामाच्या मागणीतच आहे. १९८८ साली हॉलंडमध्ये रास्त व्यापाराच्या कॉफीवर ‘माक्स हाफेलार’ ही खूण आली, ती मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातील बागायतदारांच्या सहकारी संघाशी जोडलेल्या एका डच धर्मोपदेशकाच्या खटपटीमुळे. आम्हांस मदत नको, कॉफीला योग्य भाव द्या, असे त्या शेतकऱ्यांचे म्हणणे होते. खुणेचे नावही जावा बेटातील कॉफी पिकविणाऱ्यांवरील जुलूम उघडा करणाऱ्या १८६० सालच्या डच कादंबरीवरून घेतलेले आहे.

तेव्हा ह्या सहली बंद कराव्यात असे आम्ही म्हणत नाही. त्यांतील निम्म्या तरी उलट दिशेने निघाव्यात. ओआहाकातील बागायतदार ॲमस्टरडॅमच्या उपाहारगृहात जाऊन बसला, म्हणजे तेथे एक पेला कॉफी कोणत्या भावाने विकली जाते, ती पाटी त्याला स्वतःच वाचता येईल.