अनंतातून एक वजा

एप्रिल २०२१. नागपुरात ते दिवस कसे होते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. आबा गेले तेव्हा घाटावर आम्हाला मोजक्याच लोकांना जाता आलं. आजी घरीच राहिली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात निधनवार्ता द्यायची होती, तिचा मजकूर मी मोबाइलवर टाइप केला. नाव, वय, निवृत्त गणित शिक्षक, मागे पत्नी, दोन मुलं, नातवंडं असा परिवार. शेवटी, सगळे लिहितात म्हणून, ‘अनंतात विलीन झाले’. आजीला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाबू, अनंत म्हणजे किती रे?”

मी इंजिनिअर, तेव्हा मला ठाऊक असणार असं तिला वाटलं. मी म्हणालो, “खूप.” हे उत्तर चुकीचं आहे हे मला तेव्हाही कळत होतं.

अनंताशी माझी ओळख कोडमधली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका रिपोर्टमध्ये दर ग्राहकामागचा खर्च काढायचा होता. एका दिवशी खर्च झाला होता, पण ग्राहक एकही नव्हता. स्क्रीनवर रकमेच्या जागी ‘इन्फिनिटी’ उमटलं. बहुतेक संगणक दशांश आकडेमोडीसाठी आयईईई ७५४ नावाचं मानक पाळतात. ते १९८५ सालचं. शून्याखेरीज कुठल्याही संख्येला शून्यानं भागा, उत्तर अनंत. त्यात पाच मिळवा, अनंत. लाख वजा करा, अनंतच. मी एक अट लिहून तो रिपोर्ट दुरुस्त केला आणि विसरून गेलो.

आबा गेल्यावर त्यांची पुस्तकं आवरताना भास्कराचार्य हाती लागले, आणि तोच नियम तिथे भेटला. भास्कराचार्य १११४ सालचे. ‘सिद्धान्तशिरोमणी’ त्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिला. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या १२०७ सालच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, असं त्यात कोरलेलं आहे.

ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली शून्याला शून्यानं भागून शून्य सांगितलं होतं. महावीराचार्यांनी नवव्या शतकात म्हटलं, शून्यानं भागलं तर संख्या तशीच राहते. भास्कराचार्यांनी बीजगणितात अशा राशीला ‘खहर’ म्हटलं, म्हणजे जिच्या छेदात ‘ख’, शून्य, आहे ती. ही राशी अनंत. तिच्यात काही मिळवलं वा काढलं तरी फरक पडत नाही. उपमा त्यांनी अच्युताची दिली. प्रलयात असंख्य जीव त्याच्यात सामावतात, सृष्टीच्या वेळी बाहेर येतात, तरी तो बदलत नाही.

निधनवार्तेतल्या त्या ओळीमागे हेच चित्र असावं. पण मला त्यानं दिलासा मिळाला नाही, उलट राग आला. जिथं लाख जीव आले-गेले तरी फरक पडत नाही, तिथं आबा गेले याला काय अर्थ उरतो? शिवाय पाच भागिले शून्य आणि सात भागिले शून्य, दोन्ही अनंत. एकदा तिथं पोचल्यावर मूळ संख्या कोणती होती हे परत काढता येत नाही.

वाट थोडी पुढे दिसली ती गेऑर्ग कँटरमुळे. जर्मनीत हाल इथल्या विद्यापीठात हा माणूस शिकवत होता. अनंत म्हणजे ‘खूप’ नव्हे, त्याची नीट तुलना करता येते, असं तो म्हणाला. दोन संचांतल्या वस्तूंच्या जोड्या लावा. कुणी उरलं नाही तर दोन्ही सारखे. अशा जोड्या लावून १८७४ मध्ये त्यानं दाखवलं की अनंतातही लहानमोठं असतं. क्रोनेकरसारख्या दिग्गजानं त्याला कडाडून विरोध केला. नैराश्याचे झटके त्याला वारंवार येत राहिले, आणि जानेवारी १९१८ मध्ये मनोरुग्णालयातच तो वारला.

त्याची रीत आपण वापरून पाहू. १, २, ३ अशा सगळ्या संख्या घ्या आणि त्यातून १४ काढा. १३ पर्यंत जोड्या जशाच्या तशा. १४ ची जोडी १५ शी, १५ ची १६ शी, असं सरकवत जा. सगळ्यांना जोडीदार मिळतो. म्हणजे आकार तेवढाच राहिला. भास्कराचार्य आणि माझा संगणक दोघंही इथवर बरोबर. पण संच तोच राहिला का? नाही. त्यात १४ नाही. पुढच्या कुणी सरकून तिची जोडी घेतली, तरी १४ त्यात येत नाही.

मी १४ हीच संख्या का घेतली? ‘लीलावती’त एक उदाहरण आहे. एका संख्येला शून्यानं गुणलं, त्यात तिचंच अर्ध मिळवलं, तिनानं गुणलं, शून्यानं भागलं, तर ६३ आले, संख्या कोणती? उत्तर १४. भास्कराचार्य तिथं बजावतात की पुढची क्रिया बाकी असेल तर शून्यानं गुणलेल्या राशीला लगेच शून्य समजून टाकू नका, ‘खगुण’ म्हणून ध्यानात ठेवा. आजच्या गणितात ही रीत बसत नाही. पण काम बाकी आहे तोवर शून्य झालेलं मुळात काय होतं ते विसरू नये, ही सूचना मला पटते.

त्या एप्रिलमध्ये रोज संध्याकाळी आकडे यायचे. काही दिवसांनी ते इतके मोठे झाले की एक कमी, एक जास्त, काही वाटेनासं झालं. मीही त्यातलाच. मोठ्या संख्येला आपण अनंतासारखं वागवू लागलो होतो, आणि हे साध्या गणितातही चूक आहे. संख्या कितीही मोठी असो, तिच्यातून एक गेला तर ती एकानं कमी होते. आकार बदलत नाही तो फक्त अनंताचा, आणि तिथंही गेलेला गेलेलाच असतो.

वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री मी आजीला १४ चं उदाहरण सांगितलं. ती गहू निवडत होती. म्हणाली, “म्हणजे हिशेब जुळतो, माणूस नाही जुळत.” मग थोडं थांबून, “ते छापलं होतं ते खोटं नव्हतं ना पण?”

खोटं नव्हतं, मी म्हणालो. अपुरं होतं. आज तो मजकूर लिहायचा असता तर ती ओळ मी ठेवली असती, पण तिच्या आधी आणखी एक घातली असती. आबा रोज संध्याकाळी ओसरीवर बसून गल्लीतल्या पोरांकडून पावकी-निमकी म्हणून घ्यायचे, आणि चुकलं की पहिल्यापासून म्हणायला लावायचे.